एका कंपनीच्या दोन वखारी : जपानने बेट परत उभं केलं, वेंगुर्ल्यात भिंतीला झाडं फुटली

११ जुलै २०२५ चा दिवस आठवा. तिकडे पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक चालू होती आणि इकडे आपल्या प्रत्येकाच्या स्टेटसला कुठल्या ना कुठल्या किल्ल्याचा फोटो होता. छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि मराठेशाहीचे १२ किल्ले एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आणि त्या ११ पैकी २ एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले : मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातला विजयदुर्ग.

आनंदाचीच गोष्ट. पण त्याच जिल्ह्यात, मालवणहून दक्षिणेला तास-दीड तासावर वेंगुर्ला आहे. तिथे एक इमारत आहे जिचा फोटो त्या दिवशी कुणीच स्टेटसला ठेवला नाही. गावात तिला डच वखार म्हणतात. साडेतीनशेहून जास्त वर्षं जुनी. छप्पर गेलेलं, भिंती उभ्या, कमानी उभ्या, आणि भिंतींच्या आत-बाहेर झाडोरा. राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकांत तिचं नाव आहे. म्हणजे कागदावर ती सुरक्षित आहे.

आता या वखारीचं एक भावंड जपानमध्ये आहे असं सांगितलं तर? नागासाकी शहरात. आणि त्या भावंडाची अवस्था बघितली की आपल्याकडे नेमकं काय चुकतंय ते लगेच कळतं.

डच वेंगुर्ल्यात काय करत होते?

वेंगुर्ला तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होतं. शेजारी गोवा, पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी. समुद्रमार्गे हे अंतर जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. डच ईस्ट इंडिया कंपनीला पोर्तुगीजांचा मसाल्याचा धंदा मोडायचा होता. किल्ल्यावर थेट चाल करण्यापेक्षा त्यांनी वेगळी युक्ती काढली. पावसाळा संपला की डच जहाजांचा ताफा यायचा आणि मांडवीच्या मुखाबाहेर ठाण मांडून बसायचा. गोव्यातून जहाज बाहेर पडू द्यायचं नाही, बाहेरचं आत जाऊ द्यायचं नाही. ही नाकेबंदी १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १६४४ पर्यंत मोसमामागून मोसम चालली.

पण महिनोन्महिने समुद्रात उभं राहायचं तर पाणी लागतं, तांदूळ लागतो, लाकूडफाटा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बातमी लागते. गोव्यात आत काय चाललंय, कुठलं जहाज निघायच्या तयारीत आहे, हे सांगणारी माणसं लागतात. हे सगळं जवळच्या जवळ मिळणारी जागा म्हणजे वेंगुर्ला. १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट नावाचा डच वकील विजापूर दरबारात गेला आणि त्यानंतर वेंगुर्ल्यात डचांचं बस्तान बसलं. १६४८ मध्ये फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये इथे येऊन गेला. त्याने वेंगुर्ल्याला समुद्राकाठी पसरलेलं मोठं गाव म्हटलंय आणि गोव्याची नाकेबंदी करणारी डच जहाजं इथेच सामान भरायला येत, हेही नोंदवलंय.

थोडक्यात, आज गोव्याला जाताना ज्या गावातून आपण न थांबता गाडी पुढे काढतो, ते एकेकाळी गोव्याची कोंडी करण्याचं ठाणं होतं. शिवाय मिरी आणि घाटावरून उतरणारा माल होताच.

मग यात नागासाकी कुठून आलं?

नागासाकी म्हटलं की आपल्याला ९ ऑगस्ट १९४५ आठवतो, शाळेच्या पुस्तकात तेवढंच होतं. पण त्याच्या पावणेचारशे वर्षं आधी, १५७१ मध्ये, नागासाकी पोर्तुगीज जहाजांसाठी खुलं झालं आणि एका लहानशा वस्तीचं बंदर झालं. तिथे येणारं पोर्तुगीज जहाज निघायचं कुठून? गोव्यातून. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. दरवर्षीची ही सफर म्हणजे त्या काळातला सगळ्यात किफायतशीर धंदा होता.

या वाटेवरून आपल्याकडचा एक माणूस खरंच नागासाकीपर्यंत गेला. गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. आधी व्यापार करत जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन संघात सामील झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं गेलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईत त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेजही आहे, आणि नागासाकीत त्या टेकडीवर २६ जणांचं स्मारक. वसईच्या पोरांना हे माहीत असतं. बाकी महाराष्ट्राला बहुतेक नसतं.

पुढे जपानच्या शोगुनांना मिशनरी आणि त्यांचे व्यापारी दोघंही डोईजड वाटायला लागले. पोर्तुगीजांना गावात मोकळं फिरू देण्याऐवजी त्यांनी नागासाकीच्या किनाऱ्याला लागून एक कृत्रिम बेटच बांधलं, पंख्याच्या आकाराचं. १६३६ मध्ये ते तयार झालं. नाव देजिमा. क्षेत्रफळ साधारण १५,००० चौरस मीटर, म्हणजे पावणेचार एकर. सिंधुदुर्ग किल्ला ४८ एकरांचा आहे, त्यावरून अंदाज घ्या. शिमाबाराचं बंड झालं, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशातूनच हाकललं, बेट रिकामं पडलं. आणि १६४१ मध्ये तिथे कुणाला आणून बसवलं? डच ईस्ट इंडिया कंपनीला.

तारखा जुळवून बघा. १६३७ ला वेंगुर्ला, १६४१ ला देजिमा. कंपनी एक, शत्रूही एक. पोर्तुगीजांची जी वाट गोव्यातून निघून नागासाकीत संपायची, तिच्या एका टोकावर कंपनी जहाजं लावून बसली होती आणि दुसऱ्या टोकावर जपानी सत्तेने पोर्तुगीजांना काढल्यावर त्यांच्या जागेवर जाऊन बसली. पुढची दोनशेहून जास्त वर्षं जपानचा युरोपाशी व्यापार चालला तो या इवल्याशा बेटावरून. जपानी तांबं इथूनच निघून सुरतेला आणि कोरोमंडल किनाऱ्याला विकायला यायचं, आणि भारतीय छापील कापड उलट दिशेने जपानला जायचं.

जाता जाता एक गंमत. जपानी भाषेत ब्रेडला 'पान' म्हणतात आणि आपण 'पाव'. दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेत. मिसळ खाताना हे सांगून समोरच्याला पकवता येतं, मी करून बघितलंय.

दोन वखारींचं पुढे काय झालं?

इथून कहाणी फाटे घेते.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात चैन नव्हतीच. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये १६६४ ला शिवाजी महाराजांनी आणि १६७५ ला मोगलांनी गाव जाळल्याची नोंद आहे. १६९६ मध्ये खेम सावंतांनी डच अधिकाऱ्याच्या भेटीच्या निमित्ताने वखारीत शिरून ती लुटली, असंही त्यात आहे. डच गेले. १७७२ मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली, १८१२ मध्ये सावंतवाडीकडून गावच त्यांच्या ताब्यात गेलं. पुढे आगबोटींचा काळ आला. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत मुंबईची बोट खाली जायची, आणि खोल पाण्यात उभ्या बोटीतून माणसं पडावात उतरून धक्क्याला लागायची. आजीआजोबा असतील तर विचारा, बोट लागली नाही असा माणूस सापडणं कठीण. मग रस्ते झाले, आगबोटी थांबल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. रेल्वेने बंदरांच्या गावांना बाजूला टाकलं. मालवणला स्टेशन नाही, वेंगुर्ल्यालाही नाही. कुडाळला नाहीतर सावंतवाडी रोडला उतरायचं.

बंदराचं कामच संपलं, तिथे बंदराच्या इमारतींना कोण विचारणार?

देजिमाची सुरुवात तर याहून वाईट. १८५९ मध्ये तिथली डच वखार बंद झाली. नंतर आजूबाजूचा समुद्र भराव घालून बुजवला गेला आणि १९०४ पर्यंत बेट हे बेट राहिलंच नाही, शहराच्या पोटात गेलं. १९२२ मध्ये सरकारने जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवलं खरं, पण बघायला काय? वर घरं, दुकानं, रस्ते.

१९५१ मध्ये, म्हणजे अणुबॉम्ब पडून सहा वर्षं होत असताना, नागासाकी शहराने देजिमा परत आणायचं काम हातात घेतलं. ज्या शहराकडे अजून स्वतःचीच उभारणी बाकी होती, त्याने हे ठरवलं. पद्धत काय होती? आधी जमीन. बेटावरचे खासगी प्लॉट एकेक करून शहराने विकत घेतले. पूर्ण जागा ताब्यात यायला २००१ उजाडलं. ५० वर्षं! दरम्यान खोदकाम करून जुन्या भिंतींचा पाया शोधला, डच आणि जपानी चित्रं आणि त्या काळी केलेलं बेटाचं लाकडी मॉडेल यांवरून इमारतींचं मोजमाप बसवलं. २००० मध्ये पहिल्या पाच इमारती उभ्या राहिल्या, मग टप्प्याटप्प्याने बाकीच्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेटाला शहराशी जोडणारा पूल परत आला. बेटाच्या चारही बाजूंनी पुन्हा पाणी आणायचं, हे लांबचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी त्यांनी २०५० सालाची भाषा केलीय.

आपल्याकडे पुढच्या मोसमाचं नियोजन झालं तरी आपण पेढे वाटतो.

आता यावर एक रास्त आक्षेप आहे. देजिमातल्या इमारती नव्या आहेत. सुतारकाम जुन्या पद्धतीचं असलं तरी लाकूड आजचं. तो वारसा म्हणायचा की सेट? मला वाटतं हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि म्हणूनच वेंगुर्ल्याची केस जास्त टोचते. नागासाकीकडे काहीच उभं नव्हतं, म्हणून त्यांना बांधावं लागलं. आपल्याकडे खऱ्या भिंती उभ्या आहेत. आपल्याला काही नवं बांधायचं नाहीये, फक्त आहे ते पडू द्यायचं नाहीये.

पडतं कसं?

कोकणात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. छप्पर असेपर्यंत भिंतीला त्याचं काही नसतं. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी वरून आत झिरपतं, दगड धरून ठेवणारा चुना हळूहळू वाहून जातो. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून वड-पिंपळ उगवतात. त्यांची मुळं सांध्यात शिरतात. वरवर झाड कापून उपयोग नसतो, मूळ जिवंत राहिलं की पुढच्या पावसात दुप्पट जोमाने येतं. आणि घाईघाईत मूळ उपटलं तर दगडही सोबत येतो. वर कुणी उत्साहाने सिमेंट भरलं तर आणखी वाईट, कारण सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही आणि ओल आतल्या आत राहते.

म्हणून असल्या वास्तूंसाठी पहिली गोष्ट कोट्यवधींची नसते. माथ्यावर तात्पुरतं आच्छादन, पाण्याला वाट, मुळं मारायचं काम जाणकारांकडून, चुन्याचे सांधे. आणि हे दरवर्षी, पावसाआधी. सोहळा करता येत नाही असलं काम आहे हे.

किल्ला आपला, वखार परक्यांची?

खरी अडचण मला इथे दिसते. किल्ला म्हटलं की छाती फुगते. वखार म्हटलं की, गोऱ्यांचं गोदाम, जाऊ दे.

मालवणात आपण गेल्या काही वर्षांत काय काय बघितलं? ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला पंतप्रधानांच्या हस्ते राजकोटावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. महाराष्ट्रभर संताप झाला, राजकारण झालं, आणि मे २०२५ मध्ये तिथे नवा, आणखी उंच पुतळा उभा राहिला. निवतीजवळच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा सरकारी प्रकल्प आहे. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. पण नव्या गोष्टीला फीत असते, कापता येते. जुन्या भिंतीला फीत नसते.

आणि मजा अशी, की वखार समजल्याशिवाय किल्ला अर्धाच समजतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाचा धोंडा इथे पूजा करून महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. मार्च १६६७ मध्ये किल्ला पूर्ण झाला. एवढा खर्च, पायात शिसं ओतायचा एवढा खटाटोप, कुणासाठी? सिद्दी होता, पोर्तुगीज होते, आणि वखारी घालून बसलेल्या कंपन्या होत्या. समुद्रावर जकात कुणी घ्यायची, परवाना कुणी द्यायचा, हा तंटा होता. वेंगुर्ल्याची वखार म्हणजे त्या तंट्याची दुसरी बाजू.

हे मी आजच्या डोक्याने म्हणत नाहीये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांवर, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांवर, स्वतंत्र विचार आहे. त्याचा आशय असा, की हे लोक साध्या सावकारांसारखे नाहीत, यांच्या मागे राज्यं आहेत. यांना समुद्राच्या मुखाशी जागा देऊ नये. वखार द्यायचीच झाली तर किनाऱ्यापासून काही कोस आत, खोलगट जागी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

म्हणजे मराठी राज्याच्या धोरणात एका इमारतीच्या भिंती किती पक्क्या असाव्यात यावर चर्चा झालेली आहे. अशा प्रकारची एक पक्की वखार आजही आपल्या जिल्ह्यात उभी आहे, आणि आपण तिला बाजूच्या फाट्यावरचा पडका वाडा समजतोय. सिंधुदुर्ग बघायला येणाऱ्या पर्यटकाला किल्ला, मग आज्ञापत्रातला हा भाग, मग वेंगुर्ल्याची वखार असं दाखवलं, तर महाराजांची आरमारी दूरदृष्टी भाषणापेक्षा जास्त पटेल. चिपीचा विमानतळही वेंगुर्ला तालुक्यातच आहे, निमित्त शोधायची गरज नाही.

नागासाकीने परक्यांची आठवण कशी पचवली तेही बघण्यासारखं आहे. १६३४ पासून तिथे ऑक्टोबरमध्ये सुवा देवस्थानाचा 'कुंची' उत्सव होतो. गावातल्या आळ्या आळीपाळीने त्यात नाच आणि देखावे आणतात, एका आळीची पाळी सात वर्षांनी येते. त्यातला एक लाडका देखावा म्हणजे चाकांवरचं डच जहाज, पोरं ते गरागरा फिरवतात. देव त्यांचा, जहाज परक्यांचं, उत्सव गावचा.

अर्थात जपानचं सगळंच गोड नाही. नागासाकीजवळच्या हाशिमा बेटाला २०१५ मध्ये जागतिक वारसा मिळाला, तेव्हा तिथे कोरियन मजुरांकडून सक्तीने काम करून घेतल्याचा इतिहास नीट सांगू असं जपानने कबूल केलं होतं. ते पुरेसं केलं नाही म्हणून २०२१ मध्ये वारसा समितीने तीव्र खेद नोंदवला. म्हणजे यादीत नाव गेलं की जबाबदारी संपत नाही, कुठली गोष्ट सांगता आणि कुठली गाळता याचा हिशेब मागितला जातो. आपल्या १२ किल्ल्यांनाही तो लागू आहे.

मग युनेस्कोत वेंगुर्ला नाहीच?

इथे एक ट्विस्ट आहे. एका अर्थाने आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीची सगळी जुनी कागदपत्रं २००३ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या नोंदवहीत गेली. हेग, जकार्ता, कोलंबो, चेन्नई आणि केप टाउन इथे मिळून सुमारे अडीच कोटी पानं. त्यात वेंगुर्ल्याहून गेलेली पत्रं आहेत. बंदरात काय भाव चाललाय, कोणाचं जहाज आलं, विजापूर दरबारात काय शिजतंय, आणि हो, शिवाजी महाराज सध्या कुठे आहेत. शिवकालाच्या अभ्यासकांनी ही डच पत्रं साधनं म्हणून वापरलीत. ज्या खोल्यांत बसून ती लिहिली गेली त्यांना छप्पर नाही, पत्रं मात्र नेदरलँड्समध्ये थंड खोलीत नीट ठेवलेली आहेत.

त्यातली बरीच पानं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन करून इंटरनेटवर मोफत टाकलीत आणि कॉम्प्युटरकडून त्या जुन्या अक्षरांचं वाचनही करून घेतलंय, त्यामुळे शब्द टाकून शोधता येतं. भाषा सतराव्या शतकातली डच आहे, ट्रान्सलेटर अर्धवटच मदत करतो. शोधणार असाल तर एक लक्षात ठेवा : डच कारकून गावाचं नाव 'विंगुर्ला' असं लिहायचे. डब्ल्यूने सुरुवात करा, पुढे आय.